पदवीचे 36 क्रेडिट बाकी असताना

माझा थोरला मुलगा अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळत होता. जानेवारी 2024 मध्ये, पदवीच्या 120 क्रेडिटपैकी, म्हणजे अभ्यासाच्या एककांपैकी, 36 शिल्लक असताना, त्याने कॉलेज सोडून व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या ड्राफ्टसाठी नाव दिले. ड्राफ्ट म्हणजे लीगचे संघ फेरीफेरीने, आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती वार्षिक निवड. त्या दिवसांत मी रात्र रात्र जागून या विषयावर मराठीत काही वाचायला मिळते का ते शोधत असे, आणि काहीच मिळत नसे. आता माझ्या ओळखीच्या दोन मराठी घरांतली मुले इथल्या शाळांच्या संघांत खेळू लागली आहेत. त्यांच्या आयांनी मला जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची मिरजेची. माझे यजमान ओहायोचे आहेत आणि शाळेत असताना ते हा खेळ खेळलेले आहेत, त्यामुळे मुलाच्या हातात चेंडू पाचव्या वर्षीच आला. पुढे मात्र त्याला चेंडूला हात लावायची वेळ फारशी आली नाही, कारण तो गार्ड या जागेवर खेळतो. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, त्याच्या पुढे जी पाच जणांची भिंत (लाइन) उभी राहते, तिच्यातला तो एक. त्याची उंची सहा फूट चार इंच आणि वजन 308 पौंड, म्हणजे सुमारे 140 किलो. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, मिरजेच्या शाळेत गणित शिकवत असत. नातवाचा खेळ त्यांना पहिल्या दिवसापासून आवडला, पण प्रत्येक फोनच्या शेवटी त्यांचा एकच प्रश्न असे: "पदवीला किती राहिलं?"

प्रथम नियम सांगते, कारण तो न कळल्याने पुष्कळ घरांत उगाच वाद होतात. बारावीपर्यंतची शाळा संपल्यापासून तीन वर्षे पुरी झाल्याशिवाय कोणत्याही खेळाडूला या ड्राफ्टमध्ये जाता येत नाही. 2003 साली ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मॉरिस क्लॅरेट या खेळाडूने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले होते. तो खालच्या न्यायालयात जिंकला आणि अपिलात हरला. अपिलाचा निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आमच्या मुलाने शाळा 2021 च्या उन्हाळ्यात संपवली होती. त्यामुळे 2024 चा ड्राफ्ट ही त्याला मिळू शकणारी पहिलीच संधी होती. चौथ्या वर्षासाठी थांबण्याची मुभा त्याला होती, आणि आम्ही दोघे तेच गृहीत धरून चाललो होतो.

25 नोव्हेंबर 2023 रोजी त्यांचा मोसमातला शेवटचा सामना झाला. त्यानंतर आठवडाही लोटला नसेल, तोच मुख्य प्रशिक्षकांना काढल्याची बातमी आली, आणि मुलाला तीन वर्षे घडवणारे लाइनचे प्रशिक्षकही त्यांच्याबरोबर गेले. 4 डिसेंबरला ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी, उघडणार होते. त्यामुळे दहा दिवसांत त्याच्यासमोर तीन वाटा आल्या: नव्या प्रशिक्षकांच्या हाताखाली तिथेच राहणे, पोर्टलमधून दुसऱ्या विद्यापीठात जाणे, किंवा ड्राफ्टला नाव देणे. तो त्या वेळी सत्रान्त परीक्षांचा अभ्यास करत होता. अशा पालकांना माझी पहिली विनंती अशी की परीक्षा संपेपर्यंत मुलाला कोणताही निर्णय घ्यायला लावू नये. त्या सत्रात नापास होऊन बाहेर पडलेल्या मुलाचे पुन्हा विद्यापीठात येणे अवघड होऊन बसते, शिवाय मागे राहणाऱ्या संघालाही शैक्षणिक प्रगतीच्या मोजमापात फटका बसतो. आमच्या मुलाने चारही विषय पास केले, आणि पुढे त्याचा किती उपयोग झाला ते ओघाने येईलच.

लीगची एक सल्लागार समिती असते. संघांमधील निवड करणारी अनुभवी मंडळी आणि खेळाडूंची पारख करणाऱ्या दोन सेवा यांच्या मतांवरून ती खेळाडूला सांगते की तो पहिल्या फेरीत जाण्याजोगा आहे, दुसऱ्या फेरीत जाण्याजोगा आहे, की या दोन्हींत बसत नाही. या तिसऱ्या उत्तराचा सरळ अर्थ कॉलेजात परत जा असा असतो. हा अर्ज खेळाडूला स्वतः करता येत नाही, तो विद्यापीठामार्फत जातो, आणि एका विद्यापीठाकडून साधारणपणे पाचच नावे घेतली जातात. आमच्याकडे त्या आठवड्यात प्रशिक्षकच जागेवर नव्हते, त्यामुळे अर्ज कोणी पाठवायचा यावर चार दिवस गेले. अखेर मुलगा स्वतः कम्प्लायन्स ऑफिसात, म्हणजे खेळाडूंबाबतचे नियम सांभाळणाऱ्या कार्यालयात, दोन तास बसून राहिला तेव्हा तो गेला. ज्यांच्या मुलांच्या बाबतीत ही शक्यता आहे, त्यांनी नोव्हेंबरमध्येच त्या कार्यालयातील एका माणसाचे नाव आणि ईमेल मिळवून ठेवावे.

उत्तर 19 डिसेंबरला आले आणि ते तिसरे होते.

मला वाटले, प्रश्न सुटला. मुलाला तसे वाटले नाही, आणि त्याची कारणे समजून घ्यायला मला नाताळची संपूर्ण सुट्टी लागली. दुसऱ्या वर्षी त्याच्या डाव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्याच्या जागेवरचा खेळाडू प्रत्येक सामन्यात साठ-सत्तर वेळा समोरच्याला धडक देतो, आणि सरावातल्या धडका वेगळ्याच. तो मला म्हणाला, "आई, हा खांदा किती वर्षं टिकेल ते कोणीच सांगू शकत नाही. त्यातलं आणखी एक वर्ष मी कॉलेजला द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे." विरुद्ध बाजूलाही वजन होते. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे मिळवता येतात, आणि त्यामुळे पुष्कळ मुले आता चौथे, पाचवे वर्षही थांबतात. काही वर्षांपूर्वी शंभराहून अधिक खेळाडू कॉलेजतर्फे खेळण्याचा हक्क शिल्लक असतानाच नाव देत असत. 2024 मध्ये ही संख्या साठाच्या आत होती. पण हे पैसे मुख्यतः क्वार्टरबॅक आणि चेंडू पकडणाऱ्यांना मिळतात. आमच्या मुलाला तीन वर्षांत मिळून 11,000 डॉलर मिळाले होते.

नानांना सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी मनात कितीतरी वाक्ये जुळवली होती, पण फोनवर ती सगळी विसरले आणि एवढेच म्हणाले, "नाना, तो कॉलेज सोडायचं म्हणतोय." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "सोडतोय, की थांबवतोय?" त्या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी माझ्यापाशी नव्हते. पुढचे तीन आठवडे मी जे काही केले, ते त्या एका प्रश्नाला धरून केले.

एजंटांचे फोन नोव्हेंबरपासूनच सुरू झाले होते. सुमारे वीस जणांनी संपर्क केला असेल. आम्ही पाच जणांशी व्हिडिओवर बोललो आणि दोघांना घरी बोलावले. ज्याच्याकडे खेळाडूंच्या संघटनेचे, म्हणजे एनएफएलपीएचे, प्रमाणपत्र नाही त्याच्याशी बोलूच नये. हे प्रमाणपत्र मिळवायला पदव्युत्तर शिक्षण आणि लेखी परीक्षा लागते, आणि नाव संघटनेच्या यादीत तपासता येते. एजंटला खेळाडूच्या करारातून जास्तीत जास्त तीन टक्के घेता येतात. मुलाच्या विद्यापीठाच्या राज्यात एजंटची वेगळी सरकारी नोंदणीही लागते, करारावर ठळक अक्षरांत असा इशारा छापावा लागतो की सही केल्यास कॉलेजतर्फे खेळण्याचा हक्क जाऊ शकतो, सही झाल्यापासून 72 तासांत विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना कळवावे लागते आणि 14 दिवसांत विद्यार्थ्याला करार रद्द करता येतो. एका एजंटने आम्हाला हा इशारा नसलेला कागद पाठवला होता. आम्ही त्याला पुन्हा फोन केला नाही.

ज्यांची निवड आम्ही अखेर केली, त्या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले की मुलाला ड्राफ्टमध्ये कोणी घेईल याची त्या हमी देत नाहीत आणि सहाव्या-सातव्या फेरीपेक्षा वरची अपेक्षा आम्ही धरू नये. मला त्यांचा तो स्पष्टपणा आवडला. ड्राफ्टपूर्वीच्या दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च, राहणे आणि जेवण धरून, 19,000 डॉलर होता. मोठ्या अपेक्षेच्या खेळाडूंचा हा खर्च एजंट स्वतः करतात. आमच्या बाबतीत निम्मा त्यांनी दिला आणि निम्मा आम्ही, आणि मुलाने मुदतीआधी एजंट बदलल्यास त्यांचा भाग परत करावा लागेल असे कलम त्यात होते. ही कलमे शेवटच्या पानांवर असतात. आम्ही एका वकिलाला 400 डॉलर देऊन पूर्ण करार वाचून घेतला, आणि या प्रक्रियेत खर्चलेल्या पैशांत ते 400 डॉलर मला सर्वांत सार्थकी लागलेले वाटतात.

नाव देण्याची अंतिम तारीख 15 जानेवारी होती. अर्ज म्हणजे एक साधे पत्र असते. कॉलेजतर्फे खेळण्याचा उरलेला हक्क मी सोडतो आहे आणि मला ड्राफ्टसाठी पात्र धरावे, एवढाच त्याचा मजकूर. मुलाने ते 11 जानेवारीला आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सही केले. माझे यजमान उठून बाहेर गाडीवरचा बर्फ काढायला गेले. एक गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते: एजंटशी करार केलेला नसेल, तर अंतिम तारखेनंतर 72 तासांत नाव मागे घेऊन कॉलेजात परतता येते. म्हणून आमच्या वकिलांनी सांगितले की पत्र आधी पाठवा आणि एजंटच्या करारावर सही 18 तारखेनंतरच करा. ते तीन दिवस मुलगा घरीच होता. तो फारसा बोलत नव्हता, भरपूर झोपत होता, आणि रोज सकाळी मी केलेले आंबोळीचे दहा-बारा तुकडे निमूटपणे खात होता. त्याने विचार बदलावा असे मला त्या तीन दिवसांत मनापासून वाटत होते, आणि ते त्याला कळू नये म्हणून मी सारखी कामात राहत होते. 19 तारखेला त्याने एजंटच्या करारावर सही केली.

इथून पुढचा भाग कंटाळवाणा वाटेल, पण कृपया तो वगळू नका.

जानेवारीचे सत्र सुरू होऊन आठवडा झाला होता. अनेक खेळाडू या वेळी फक्त वर्गात जाणे बंद करतात, आणि सत्राच्या शेवटी त्यांच्या गुणपत्रिकेवर चार-पाच नापास शेरे जमा होतात. नानांचा प्रश्न माझ्या मनात होता, म्हणून मी मुलाला घेऊन विद्यापीठात गेले आणि आम्ही दोन दिवस तिथल्या कार्यालयांतून फिरलो. प्रथम त्याच्या शैक्षणिक सल्लागारांनी चारपैकी तीन विषय रद्द करून दिले. त्यासाठी शेरा न लागता विषय सोडण्याची मुदत पाहावी लागते, आणि आमच्या हातात त्या मुदतीचे तीनच दिवस उरले होते. चौथा विषय संख्याशास्त्राचा होता आणि तो ऑनलाइन घेता येत होता, तो त्याने ठेवला. मग डीनच्या कार्यालयातून रजेचा अर्ज मंजूर करून घेतला, ज्यामुळे परत येताना नव्याने प्रवेश घ्यावा लागत नाही. त्यानंतर शिष्यवृत्तीच्या कार्यालयात गेलो. तिथे मला हवे होते ते एक पत्र: तो परत आल्यास उरलेल्या क्रेडिटची फी विद्यापीठ भरेल, असे लेखी. तोंडी सगळे हो म्हणत होते. लेखी द्यायला एक अधिकारी तयार नव्हत्या, आणि त्यांच्या वरिष्ठांची वेळ मिळायला दुसरा दिवस उजाडला. पत्र मिळाले. ऑगस्ट 2024 पासून कॉलेजच्या खेळांतील पहिल्या श्रेणीच्या (डिव्हिजन वन) विद्यापीठांना पूर्ण शिष्यवृत्तीवरच्या माजी खेळाडूंसाठी दहा वर्षांपर्यंत अशी मदत उपलब्ध ठेवणे बंधनकारक झाले आहे, तरीही माझा आग्रह आहे की आपल्या मुलाच्या नावाचे पत्र घ्यावे आणि किती क्रेडिट उरले आहेत तो आकडा त्यात लिहून घ्यावा.

शेवटी नोंदणी कार्यालयात कळले की पार्किंगचा 85 डॉलर दंड थकल्यामुळे त्याची गुणपत्रिकाच अडवून ठेवलेली आहे. तो तिथेच भरला. त्याच्या भाड्याच्या खोलीचा करार जुलैपर्यंत होता. पोटभाडेकरू मिळायला सहा आठवडे गेले आणि तेवढे भाडे आमच्या अंगावर पडले. आरोग्यविम्याची काळजी मात्र मिटली, कारण अमेरिकेत मुलाला वयाच्या 26 व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येते. आम्ही त्याचे नाव त्यात पुन्हा घातले. परतीच्या चार तासांच्या प्रवासात मी सगळे कागद एका निळ्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावले आणि घरी पोहोचल्यावर नानांना फोन केला. त्यांना म्हणाले, "थांबवतोय."

फेब्रुवारी आणि मार्च तो फ्लोरिडात होता. फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसला कम्बाइन नावाची मोठी चाचणी होते. तिला सुमारे 320 खेळाडूंना बोलावतात, आणि त्या यादीत तो नव्हता. त्याने हे मला फोनवर न सांगता संदेशाने कळवले, त्यावरून त्याला किती लागले असेल ते मला समजले. त्याच्यासाठी राहिला तो विद्यापीठातला प्रो डे, म्हणजे मार्चमधला एक दिवस, जेव्हा संघांची माणसे तिथे येऊन खेळाडूंना पाहतात. 102 किलोचा बार त्याने 26 वेळा उचलला. चाळीस यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, तो 5.27 सेकंदांत धावला. तालमीत तो याहून जलद धावत होता. खांद्याची तपासणी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी केली. शस्त्रक्रियेचे अहवाल आणि जुने एमआरआय सोबत नेले होते, त्यामुळे एक चाचणी पुन्हा करावी लागली नाही. रात्री तो खोलीवर बसून संख्याशास्त्राचा गृहपाठ करत असे. काही गणिते तो थेट नानांना विचारी, आणि मिरजेत त्या वेळी पहाट असे.

ड्राफ्ट 25 ते 27 एप्रिल या तीन दिवसांत डेट्रॉइटला झाला. आमच्या घरापासून ते तीन तासांवर आहे, पण आम्ही गेलो नाही. पहिल्या दोन दिवसांत पहिल्या तीन फेऱ्या होतात आणि त्यांत त्याचे नाव येणार नव्हते. शनिवारी दुपारी बारा वाजता चौथी फेरी सुरू झाली. आम्ही कोणालाही घरी बोलावले नव्हते, आणि हा सल्ला मी प्रत्येकाला देईन: शेजारी, नातेवाईक, मित्र यांना त्या दिवशी बोलावू नका. मिरजेत रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि नाना-आई व्हिडिओवर होते. सहावी फेरी गेली. सातव्या फेरीच्या मध्यावर मुलाचा फोन वाजू लागला, पण ते संघ त्याला निवडत नव्हते. कोणी घेतले नाही तर आमच्याकडे ये, असे सांगणारे ते फोन होते. 257 वे आणि शेवटचे नाव पुकारले गेले तेव्हा मिरजेत पहाट होत आली होती. मुलगा आणि एजंटबाई आतल्या खोलीत फोनवर होते. वीस मिनिटांनी तो बाहेर आला आणि म्हणाला की एका संघाशी बोलणे पक्के झाले आहे. नानांनी एवढेच विचारले, "जेवला का तो?"

निवड न झालेल्या खेळाडूचा करार तीन वर्षांचा असतो, आणि वाचणाऱ्याला तो फार मोठा वाटतो, कारण त्यात पहिल्या वर्षाचे किमान वेतन लिहिलेले असते; 2024 मध्ये ते 7,95,000 डॉलर होते. हे वेतन मुख्य संघात राहिले तरच मिळते. आमच्या मुलाला हातात मिळाले ते सहीचे 10,000 डॉलर, करापूर्वी. त्या आकड्यावरून कोणी घर किंवा गाडी ठरवू नये. मे महिन्यात तो संघाच्या गावी गेला, आणि त्याच आठवड्यात संख्याशास्त्राचा निकाल आला. त्याला बी श्रेणी मिळाली होती. 33 क्रेडिट राहिले.

उन्हाळ्यात प्रत्येक संघाकडे 90 खेळाडू असतात आणि ऑगस्टच्या अखेरीस त्यांतले 53 ठेवायचे असतात. 27 ऑगस्टला दुपारी पावणेतीनला त्याचा फोन आला की त्याला काढले आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगता येत होता. कोणी सांगितला नाही. संध्याकाळी त्याच संघाने त्याला सरावाच्या तुकडीत घेतले. आठवड्याला 12,500 डॉलर, आणि कोणत्याही दिवशी काढून टाकण्याची मुभा. तो तिथे सहा आठवडे राहिला. ऑक्टोबरमध्ये एक गार्ड दुखापतीतून बरा होऊन परतला आणि मुलाची जागा गेली.

तो घरी आला, दोन दिवस झोपला, आणि तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच मला विचारले, "आई, ती निळी फाइल कुठे आहे?" रजेचा कागद, शिष्यवृत्तीचे पत्र आणि गुणपत्रिका घेऊन तो एकटाच विद्यापीठात गेला. शिष्यवृत्तीच्या कार्यालयात आता नवीन माणसे होती आणि त्यांना त्याच्याविषयी काहीही ठाऊक नव्हते. त्यांनी पत्र वाचले, त्याची प्रत काढली आणि अर्ज घेतला. जानेवारी 2025 च्या सत्रात त्याने 15 क्रेडिट घेतले. सकाळी तो व्यायामशाळेत असे, कारण एजंटबाई अजून त्याच्यासाठी चाचण्या ठरवत होत्या आणि त्याने खेळ सोडलेला नव्हता. दुपारी तो वर्गात, त्याच्याहून तीन वर्षांनी लहान मुलांबरोबर, शेवटच्या बाकावर बसे, कारण पुढे बसला तर मागच्यांना फळा दिसत नसे.

मे महिन्यात पाचही विषयांचे निकाल लागले. त्या रात्री फोन मी लावला, पण बोलला तो. नाना आता 84 वर्षांचे आहेत आणि त्यांना ऐकू कमी येते, म्हणून त्याने आकडा दोनदा मोठ्याने सांगितला: "अठरा राहिले, नाना. अठरा."

"कोणकोणते विषय?" नानांनी विचारले, आणि कागद-पेन्सिल आणायला आईला हाक मारली.